ग्रामेतिहास आणि कुलेतिहास : कोलाड परिसराच्या निमित्ताने

इंग्लंडमध्ये 1538 साली प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम निघाला. त्यामुळे तेथील साध्या शेतमजुराच्या घराण्याचाही माग पुष्कळदा काही शतके मागे नेता येतो. आपल्याकडे अशी एकच एक वही नाही. गावाचा आणि घराण्याचा इतिहास अनेक दप्तरांत विखुरलेला आहे. त्यांतील काही सारावसुलीसाठी, तर काही श्राद्धाचा संकल्प सांगण्यासाठी लिहिली गेली. लिहिणाऱ्याचा हेतू ध्यानात न घेता नोंद वाचली, तर ती हमखास फसवते.

कोलाड हे रोहे तालुक्यातील, कुंडलिकेच्या खोऱ्यात मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले गाव. येथील जुनी कागदपत्रे शोधताना पहिली अडचण नावाची येते. रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. म्हणून 1883 चे गॅझेटियर आणि जुने सरकारी दप्तर कुलाबा या नावाखालीच पाहावे लागते. दुसरी अडचण लिपीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बरेचसे ग्रामदप्तर मोडीत आहे आणि ते वाचणारे आता विरळ झाले आहेत.

कुलेतिहासाच्या अभ्यासकाने सर्वांत अधिक वेळ फेरफाराच्या वहीला द्यावा. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, हे फेरफार सांगतो. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. मात्र कोकणात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत उभा होता. खोती 1949 च्या कायद्याने रद्द झाली, आणि कूळकायद्यान्वये 1 एप्रिल 1957 पासून कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परिणामी अनेक कुटुंबांची नावे मालक म्हणून प्रथम या काळानंतरच दिसतात. यावरून ती घराणी गावात नवीन होती असे अनुमान काढणे सर्वथा चूक ठरेल. ती पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राबत होती, फक्त वहीत नव्हती.

याच वहीत घरातील स्त्रियाही भेटतात. घरोघरी जपलेल्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. वारसनोंदीत मात्र विधवेचे नाव येते, मुलींची नावे येतात, कधी त्यांच्या सासरचे गावही येते. पुढे एखादे हक्कसोडपत्र नोंदले जाते आणि मुलींची नावे कमी होतात. या दोन नोंदींमधले अंतर कधी काही महिन्यांचेच असते. तेवढ्या अवधीत त्या घरात काय बोलणे झाले असेल, हे कागद सांगत नाही. ते त्या घरातील वृद्ध स्त्रियांनाच विचारावे.

जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल बुक पाहावे. त्यात जातीचा उल्लेख असल्यामुळे जातपडताळणीच्या निमित्तानेही आज त्याचा शोध घेतला जातो. शाळेच्या दाखल-खारीज वहीतील जन्मतारखांवर मात्र फार विसंबू नये. एकाच वर्गातील अनेक मुलांचा जन्म 1 जूनचा आढळला, तर तो योगायोग नसून गुरुजींची सोय समजावी. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव यांवरून यात्रेकरूंच्या पिढ्या शोधता येतात. अर्थात ज्यांना यात्रा परवडली त्यांच्याच.

रोहे तालुक्यातील कातकरी वाड्यांकडे वळले की ही सारी साधने अपुरी पडतात. खैरापासून कात काढणाऱ्या या समाजाकडे जमीन क्वचितच आली. आणि जमीन नाही तेथे फेरफारही नाही. हंगामात वीटभट्टीवर आणि पावसाळ्यात वाडीवर, अशा फिरस्तीमुळे मुलांची नावे शाळेच्या वहीतही खंडित दिसतात. येथे मौखिक साधनांवाचून गत्यंतर नाही. मुलाखत घेताना सन विचारू नये, घटना विचारावी. थोरला मुलगा कोयनेच्या भूकंपाआधीचा की नंतरचा, असे विचारले की 11 डिसेंबर 1967 ही तारीख आपोआप हाती येते. कोकण रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा वाडी आजच्याच जागी होती का, हा दुसरा प्रश्न. उत्तरे बोलणाऱ्याच्या बोलीत, जशीच्या तशी उतरून घ्यावीत आणि एकाच वाडीतील दोन वृद्धांना, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, वेगवेगळे भेटून ती ताडून पाहावीत.