आकड्यांचे कुलूप

श्रोतेहो, होळकरांच्या काळी चांदवडला टाकसाळ होती. चांदोडी रुपया तिथलाच. तिथे किल्ली विश्वासू माणसाच्या हाती लागे. आज तिजोरीला आकड्यांचे विजेचे कुलूप असते. मग विश्वास ठेवायचा कशावर?

समजा, खूण आहे ३-७-१-९. दाबलेले आकडे हे कुलूप साठवून ठेवीत नाही, बरं का! आपण कोणत्या पायरीवर आहोत, एवढेच ते जाणते. आरंभ, मधल्या तीन पायऱ्या आणि ‘उघडे’, अशा ५ अवस्था.

आकडा चुकला तर? लगेच लाल दिवा लावावा, असे पुष्कळजण म्हणतील. इथेच घात होतो! चोर ० ते ९ दाबून पाहील. दिवा लागला नाही की पहिला आकडा सापडला. असे चारही आकडे फार तर ४० प्रयत्नांत हाती येतात. एरवी खुणा असतात १०,०००.

म्हणून चुकलेल्यालाही गुपचूप पुढे जाऊ द्यावे. त्याच्यासाठी ३ पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या आणि चौथ्या आकड्यानंतरच ‘नाही’ म्हणावे. झाल्या ८ अवस्था. ० किंवा १ धरून ठेवणाऱ्या मंडलाला फ्लिप-फ्लॉप म्हणतात; अशा तिघांत नेमक्या ८ अवस्था मावतात.

गुरुजींनी अंगणात ८ वर्तुळे आखावी, एका मुलाला आरंभी उभे करावे नि आकडे पुकारावे. मुले खेळता खेळता शिकतील.

आणखी एक. वीज जाऊन आली की फ्लिप-फ्लॉप कोणत्याही अवस्थेत जागे होतात. त्यांना प्रथम आरंभी आणणारी तार जोडायला विसरू नये, नाहीतर तिजोरी आपोआप उघडी मिळायची.