अकरा ओळींचा खुंटा

(नभोवाणीवरील भाषण)



एखाद्या बँकेचें किंवा दुकानाचें संकेतस्थळ उघडलें कीं पडद्याच्या कोपऱ्यांत पुष्कळदां एक लहानशी चौकट दिसते. आपण प्रश्न लिहावा, तिनें उत्तर द्यावें. ही चॅटची चौकट आपणांस एकसंध वाटते. वस्तुतः ती अनेक लहान आज्ञावल्यांची जुळणी असते. एक चौकट रेखाटते, दुसरी निरोप पोंचविते, तिसरी वेळ टिपते. अशा प्रत्येक स्वतंत्र अंगास मॉड्यूल म्हणतात.

ही विभागणी कशी करावी, याचें मर्म डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञानें १९७२ सालीं सांगितलें. जी गोष्ट पुढेंमागें बदलण्याचा संभव आहे, ती एकाच अंगाच्या पोटांत झांकून ठेवावी. इतरांनीं त्या अंगाकडून काम घ्यावें, त्याच्या अंतरंगाची चौकशी करूं नये. मग एक भाग बदलला तरी बाकीच्यांस धक्का लागत नाहीं. शिवाय एकानें केलेला भाग हजारोंच्या उपयोगी पडतो.

परंतु या सोयीला दुसरी बाजूहि आहे. अझर कोचुलु नांवाच्या प्रोग्रामरनें जावास्क्रिप्ट भाषेंतील आपलीं अडीचशेंहून अधिक मॉड्यूलें एनपीएम या सार्वजनिक भांडारांत विनामूल्य ठेविलीं होतीं. त्यांतील एकाचें नांव ‘किक’. त्याच नांवाचें चॅट ॲप चालविणाऱ्या कंपनीनें तें नांव मागितलें. कोचुलुनें नकार दिला. भांडारानें नांव कंपनीस दिलें. तेव्हां २२ मार्च २०१६ रोजीं त्यानें आपलीं सर्व मॉड्यूलें काढून घेतलीं.

त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हें अवघ्या ११ ओळींचें मॉड्यूल होतें. मजकूर ठराविक लांबीचा होईपर्यंत डावीकडे शून्यें किंवा रिकाम्या जागा भरणें, एवढेंच त्याचें काम. हजेरीपटांत ७ चा ००७ करावा, तसें! पण तें जातांच जगभर असंख्य आज्ञावल्यांची जुळणी अडली. अनेकांनीं तें स्वतः मागविलेंहि नव्हतें. त्यांनीं घेतलेलें मॉड्यूल दुसऱ्यावर विसंबलें होतें, आणि तें दुसरें यावर. जातें केवढेंहि असो, खुंटा निसटला कीं दळण थांबतें.

सुमारें अडीच तासांनीं भांडारानें तें मॉड्यूल परत ठेविलें. इतरांचा आधार झालेली वस्तु कर्त्यालाहि सहजासहजीं काढतां येऊं नये, असा नियम पुढें झाला. २०१७ सालीं तर हें काम जावास्क्रिप्टनें आपल्याच अंगभूत सामग्रींत सामावून घेतलें.

दोष कोणाचा, याविषयीं दोन मतें संभवतात. वस्तु कर्त्याची होती, हें खरें. तिच्यावर परक्यांचे संसार उभे होते, हेंहि खरें. मात्र बोध स्पष्ट आहे. आपलें काम कोणाकोणाच्या आधारावर उभें आहे, हें घेणाऱ्यानें जाणून असावें व जरूरीच्या वस्तूची एक प्रत आपल्याजवळ बाळगावी. जें विनामूल्य मिळतें तें निर्मोल नसतें. तें देणाऱ्याचा मान राखणें हाहि व्यवहाराचाच भाग आहे.