वनप्रदेशातील कौटुंबिक अंदाजपत्रक

उत्पन्न वाढते तसतसा त्यातील अन्नखर्चाचा हिस्सा घटतो, हा एर्न्स्ट एंगेल यांचा १८५७ मधील सिद्धांत कौटुंबिक अंदाजपत्रकाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. परंतु हा हिस्सा मोजावयाचा तर उत्पन्न व खर्च एकाच कालखंडातील धरावे लागतात. पगारदार कुटुंबाच्या बाबतीत महिना हा असा स्वाभाविक कालखंड होय. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात महिन्याला तसा अर्थ उरत नाही.

येथे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात व त्यापाठोपाठ तेंदूपाने तोडली जातात. सत्तर पानांचे एक पुडके, या मोजणीवर मजुरी ठरते. हे काम काही आठवड्यांचेच. पावसाळा जवळ आला की ते संपते. पुढे धान घरात येईपर्यंत बियाणे, रोवणी, मुलांच्या वह्या-पुस्तके आणि पावसाळ्यातील तापाची दुखणी हा सर्व खर्च उन्हाळ्यातील रोकडीतून भागवावा लागतो. लग्नसराईही नेमकी त्याच सुमारास येते, आणि ते स्वाभाविकच आहे. हाती पैसा असतो तेव्हाच लग्न उरकता येते.

अशा कुटुंबाची बचत पुष्कळदा पैशाच्या रूपात नसतेच. ढोलीतील धान आणि वाळवून ठेवलेली मोहफुले हीच तिची शिल्लक. मोहफुले हंगामात स्वस्त असतात, पावसाळ्यात महागतात. ज्याला एप्रिलमध्येच ती विकावी लागतात, त्याला पुढे गरज पडल्यास तीच चढ्या भावाने विकत घ्यावी लागतात. या दोन भावांतील फरक म्हणजे वस्तुतः व्याजच होय; जमाखर्चात मात्र तो व्याज म्हणून कोठेही दिसत नाही, धान्यखर्चात मिसळून जातो. साठवण तरी सोपी कोठे आहे? दमट हवेत फुले ओल धरतात, त्यांना कीड लागते. त्यातच महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्याखाली मोहफुलांच्या संग्रहावर व वाहतुकीवर निर्बंध होते. ते २०२१ मध्ये शिथिल झाले. तोवर काटकसरीने केलेला साठाही कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरू शकत असे.

राष्ट्रीय नमुना पाहणीत अनेक उपभोग्य वस्तूंविषयी मागील तीस दिवसांचा खर्च विचारण्याची प्रथा आहे. भेटी वर्षभरात विभागलेल्या असल्याने प्रदेशाची सरासरी बहुधा बिघडत नाही. परंतु मे महिन्यात भेटलेले कुटुंब सुखवस्तू आणि तेच ऑगस्टमध्ये भेटले असते तर दरिद्री, असे चित्र उमटू शकते. म्हणून या भागात पाहणी करणाऱ्याने त्याच घरी दोनदा जाणे इष्ट: एकदा तेंदूची मजुरी हाती आल्यावर आणि एकदा रोवणीनंतर. दोन्ही वेळा रोकडीबरोबर घरातील धान व मोहफुले मोजावीत, आणि मोहफुले विकली असल्यास केव्हा व कोणत्या भावाने विकली, हेही विचारावे.