फॉर्म एजंटने भरला, सही मात्र आपली

गेल्या वर्षी वर्षावासातल्या एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही बाहेर चपला शोधत होतो, तोच वस्तीतील एक ताई जवळ आल्या. त्यांचे पती एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास. "जयभीम दादा. पोराचा कॅनडाचा फॉर्म आहे. सगळं इंग्रजी आहे, एकदा नजर घाला. उद्या एजंटकडं परत द्यायचाय."

आम्ही काही वकील नव्हे. एका कचेरीत कारकुनी करतो. बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉचा एक पेपर होता, तेवढीच आमची कायद्याची पुंजी. पण फॉर्म ओळ न् ओळ वाचायची सवय मात्र वीस वर्षांची आहे. कट्ट्यावर बसून वाचू लागलो आणि एका प्रश्नावर बोट थांबले. यापूर्वी कॅनडाने किंवा अन्य कोणत्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला आहे काय? पुढे चौकटीत उत्तर होते, 'नाही'.

आम्हाला चांगले आठवत होते, की दोन वर्षांपूर्वी याच मुलाचा इंग्लंडचा स्टुडंट व्हिसा नामंजूर झाला होता. फी आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे तिकडच्या नियमाप्रमाणे सलग २८ दिवस बँकेत असावे लागतात. पतपेढीचे कर्ज उशिरा हातात पडले आणि दिवस भरले नाहीत. एवढाच त्याचा गुन्हा. मुलाला बोलावून विचारले, तर म्हणाला, "काका, एजंट म्हणाला, नाही लिही. ते इंग्लंड, हे कॅनडा. कोण बघतंय?"

वाचकहो, या एका चौकटीने त्या मुलाला एकाच वेळी दोन जागी उभे केले होते. एजंटशी झालेल्या व्यवहारात तो फसवला जाणारा, आणि कॅनडा सरकारपुढे फसवणारा. पैसे त्याच्या बापाचे, सही त्याची. आपल्या घराघरांतून आता मुले-मुली परदेशाचे फॉर्म भरू लागली आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडावा असे वाटले.

आधी कराराची बाजू पाहू. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही आपल्याकडे चालतो. करार करताना दोघांची संमती मोकळी असली पाहिजे, असे तो म्हणतो. समोरच्याने जाणूनबुजून फसवले, तर ते कपट, कलम १७. फसवायचा हेतू नव्हता, स्वतःलाही ते खरेच वाटत होते, पण पुरेशी खात्री न करता खोटी गोष्ट ठामपणे सांगितली, तर ते चुकीचे निवेदन, कलम १८. इंग्रजीत ज्याला मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात ते हेच. दोन्ही प्रकारांत ज्याची फसगत झाली त्याच्या हाती कलम १९ निवड देते: त्याने करार मोडावा, नाहीतर जे सांगितले होते ते पुरे करून मागावे. (बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये हाच मर्कंटाइल लॉ शिकवीत असत. हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितले असते, तर त्या पेपरात आम्ही चाळीस मार्कांवर थांबलो नसतो.)

कायद्याच्या पुस्तकातच उदाहरणे दिली आहेत, आणि ती आमच्या लक्षात राहिली आहेत. एकजण सांगतो, माझ्या कारखान्यात वर्षाला ५०० मण नीळ निघते. ते ऐकून दुसरा कारखाना विकत घेतो. पुढे ते खोटे निघाले, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. पण घेणाऱ्याने आधी वह्या तपासल्या, त्यांत ४०० मणच दिसले, आणि तरीही त्याने कारखाना घेतला, तर मग तक्रारीला जागा नाही. ज्या खोट्याने कुणी फसलाच नाही, ते खोटे करार मोडायला पुरत नाही. दुसरे उदाहरण घोड्याचे. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्याचा दोष ठाऊक आहे, पण तो काही बोलला नाही. हे कपट नव्हे. मात्र घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे बापावर बंधनकारक आहे. थोडक्यात, बाजारात घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, असा या कायद्याचा कल.

व्हिसाच्या फॉर्मवर हे पारडे उलटे होते. तिथे माहिती सांगणारे आपण आणि ऐकणारे सरकार. कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम ४० असे, की महत्त्वाच्या गोष्टीबद्दल प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष चुकीचे निवेदन केले किंवा ती गोष्ट दडवली, आणि त्यामुळे कायद्याच्या अंमलात चूक झाली किंवा होऊ शकली असती, तर त्या माणसाला पाच वर्षे प्रवेश बंद. २०१४ पर्यंत ही मुदत दोन वर्षांची होती. यातले 'होऊ शकली असती' हे शब्द पुन्हा वाचा. नीळ कारखान्याच्या गोष्टीत घेणारा फसला नाही, तर प्रश्न मिटला. इथे अधिकाऱ्याने खोटे त्याच दिवशी पकडले, तो मुळीच फसला नाही, तरी पाच वर्षे गेलीच. आणि अधिकाऱ्याने पकडायला फार धावपळ करावी लागते असेही नाही. कॅनडा, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे आपसात ताडून पाहतात. 'ते इंग्लंड, हे कॅनडा' हे एजंटचे शहाणपण किती जुने झाले आहे ते यावरून कळावे. इंग्लंडमध्ये अर्जात लबाडी ठरली तर दहा वर्षांपर्यंत अर्ज फेटाळले जातात. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाची बंदी जन्मभराची असते, आणि तीतून सूट मागण्याची सोय थोड्यांनाच आहे.

मग न बोलणे हे खोटे बोलणे आहे काय? घोड्याच्या मालकाचा हा प्रश्न इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपुढेही गेला होता. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या बापाकडे जायला पाकिस्तानातील एका अविवाहित मुलाला परवाना मिळाला. परवाना मिळाल्यावर, विमानात बसण्यापूर्वी, त्याचे लग्न झाले. विमानतळावर कुणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. १९८० साली झमीर खटल्यात लॉर्ड्सनी ठरवले, की परक्या देशात येणाऱ्याने परिस्थितीतला असा बदल आपण होऊन सांगितलाच पाहिजे. तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, खवाजा खटल्यात त्याच न्यायपीठाने ते मत सोडून दिले. सगळे आपण होऊन सांगण्याचे असे सरसकट बंधन नाही, आणि फसवणूक झाली असे म्हणणाऱ्या सरकारने ती सिद्ध करून दाखवावी, असे ठरले. गरीब माणसाच्या दृष्टीने हा निकाल मोठा होता. पण त्याचा आधार घेऊन आज कुणी बिनधास्त राहू नये, कारण आता फॉर्मच सगळे काही विचारतात. विचारल्यावर 'नाही' लिहिले, की ते गप्प बसणे राहत नाही.

चूक आणि लबाडी यांत फरक केला जातो का? इंग्लंडमध्ये केला जातो. मोटार चालवण्याबद्दल झालेली शिक्षा ही 'गुन्ह्याची शिक्षा' या प्रश्नात मोडते हे न कळल्यामुळे एका अर्जदाराने 'नाही' लिहिले होते. २०१० साली तिथल्या अपील कोर्टाने म्हटले, की नियमातले 'खोटे' म्हणजे अप्रामाणिकपणे सांगितलेले खोटे, नुसती चूक नव्हे. कॅनडात मात्र हेतू चांगला असूनही माणूस अडकू शकतो. 'आपण काही दडवत नाही असे मला प्रामाणिकपणे आणि रास्त कारणाने वाटत होते', एवढी एक अरुंद वाट तिथल्या कोर्टांनी मोकळी ठेवली आहे. फॉर्म एजंटने भरला, आपण वाचलाच नाही, ही सबब त्या वाटेने सहसा जात नाही. सही केली म्हणजे वाचले, असे धरले जाते.

२०२३ साली पंजाबातील विद्यार्थ्यांची जी बातमी गाजली ती याचीच. एजंटने त्यांना कॉलेजात प्रवेश मिळाल्याची पत्रे दिली, त्यांवर व्हिसा मिळाला. तिथे पोचल्यावर जागा भरल्या, दुसरे कॉलेज बघा, असे सांगण्यात आले. मुले शिकली, नोकरीला लागली, आणि कायम राहण्यासाठी अर्ज केल्यावर कळले, की मूळ पत्रच बनावट होते. हातात देश सोडण्याच्या नोटिसा पडल्या. मुले रस्त्यावर बसली तेव्हा कुठे जून २०२३ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी प्रत्येक प्रकरण तपासायला पथक नेमले, आणि जे खरोखर शिकायला आले होते व ज्यांना फसवणूक ठाऊक नव्हती, त्यांना पाच वर्षांची बंदी लागणार नाही असे जाहीर केले. १ डिसेंबर २०२३ पासून प्रवेशपत्र खरे आहे की नाही हे कॅनडा सरकार थेट कॉलेजकडूनच पडताळून घेते. त्या मुलांना ठाऊक नव्हते म्हणून वाट निघाली. आमच्या ताईंच्या मुलाला तर आपला इंग्लंडचा नकार पुरता ठाऊक होता.

आता पैशाचे. एजंटने 'मी परवानाधारक आहे', 'कॉलेजशी माझा करार आहे' असे खोटे सांगून पैसे घेतले, तर करार कायद्याने व्यवहार मोडून पैसे आणि नुकसानभरपाई मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. उघड फसवणूक असेल तर पोलीस ठाणे आहे. जुने कलम ४२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८. पण इथे एक खाच आहे आणि ती फार थोडे एजंट सांगतील. खोटा कागद करायचा, किंवा चार दिवसांपुरते उसने पैसे खात्यात दाखवायचे, हे तुम्हालाही माहीत असून तुम्ही पैसे दिलेत, तर कलम २३ प्रमाणे तो करारच बेकायदा हेतूचा, म्हणून मुळातून शून्य. अशा व्यवहारातले पैसे परत मिळवून द्यायला कोर्ट सहसा हात पुढे करत नाही. म्हणजे खोट्याला मान डोलावली, की व्हिसाही जातो आणि एजंटची मानगूट धरण्याचा हक्कही जातो.

आखातात कामाला जाणाऱ्यांचेही दुखणे याच जातीचे. मुंबईत एक करार दाखवायचा आणि तिकडे उतरल्यावर कमी पगाराच्या दुसऱ्यावर सही घ्यायची. नोकरीसाठी पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे काय, ते सरकारच्या ई-मायग्रेट या ठिकाणी पाहता येते. त्याची फी ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त असता कामा नये. या विषयावर वेगळेच लिहावे लागेल.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही मुलाबरोबर एजंटच्या ऑफिसात गेलो. दीड लाख रुपये दिले होते, पावती नव्हती. चौकट बदला म्हटल्यावर त्याने ड्रॉवरमधून एक कागद काढला. 'सर्व माहिती अर्जदाराने दिलेली आहे, सल्लागार जबाबदार नाही.' खाली मुलाची सही. ती त्याने पहिल्याच दिवशी, इतर कागदांबरोबर, न वाचता केली होती. ताईंचा चेहरा उतरला. पण मुलाच्या मोबाईलमध्ये एजंटचा मेसेज होता, 'रिफ्युजलला नो टाक'. तो दाखवला, पुढे एका ओळखीच्या वकिलांकडून नोटीस पाठवली, तेव्हा दोन महिन्यांनी ९० हजार परत आले. बाकीचे अजून यायचे आहेत.

फॉर्म मुलाने स्वतः भरला. 'होय' लिहिले, इंग्लंडचे नकाराचे पत्र जोडले, बँकेत दिवस का भरले नाहीत ते अर्ध्या पानात सांगितले आणि पतपेढीच्या कर्जमंजुरीची नक्कल लावली. कॅनडानेही नकार दिला. शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही, असे कारण आले. एजंटच्या ओळखीचा एकजण वस्तीत म्हणतोही, की 'होय' लिहून काय मिळाले? त्या पत्रात कलम ४० चा उल्लेख नाही, पाच वर्षांची बंदी नाही, हे त्याला समजावून सांगता सांगता आमचा एक रविवार गेला. मुलगा सध्या चाकणला एका कारखान्यात लागला आहे आणि पुढच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज करणार आहे. त्या प्रश्नापुढे आता दोन देशांचे नकार लिहायचे आहेत. दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स ताईंनी फाईलला आत्ताच टाचून ठेवल्या आहेत.