आधी लाद्या मोजा, मग लेन्स घ्या

दिवाळीत शनिवारवाड्यासमोर दीपोत्सव असतो, तेव्हा पणत्या खाली आणि मोबाइल वर, असं दृश्य असतं. हात लांब करायचा, मान जरा तिरकी करायची, खटक. फोटो पाहिला की तक्रार ठरलेली : ‘माझं नाक एवढं मोठं आहे?’ नाक आहे तेवढंच असतं. हात आखूड पडलेला असतो.

हिशेब सोपा आहे. नाकाचं टोक कानाच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. फोन नाकापासून ४५ सेंटिमीटरवर धरला, तर कान ५७ सेंटिमीटरवर जातो. जवळचं मोठं दिसतं, म्हणून कानाच्या मानाने नाक सुमारे २७ टक्क्यांनी फुगतं. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला की अंतरं होतात २०० आणि २१२ सेंटिमीटर. फरक उरतो ६ टक्के. समोर बसून गप्पा मारणारा माणूस आपण दीड-दोन मीटरवरूनच पाहत आलेलो असतो. म्हणून त्या अंतरावरून काढलेला चेहरा ओळखीचा वाटतो.

या हिशेबात लेन्स कुठेच आली नाही. चेहऱ्याची ठेवण ठरते ती अंतराने. त्या अंतरावरून चौकटीत किती माणूस मावेल, एवढंच लेन्सच्या हातात असतं. नवा मिररलेस कॅमेरा घेतला की कुणीतरी ‘पोर्ट्रेटला ८५ घे’ म्हणतं, त्यामागे हेच आहे. फुल फ्रेम सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स दोन मीटरवरून, कॅमेरा उभा धरल्यास, सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीचा भाग टिपते. म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत. दीडपट लहान क्रॉप सेन्सरवर हेच काम ५६ मिलिमीटरची लेन्स करते आणि त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर ४२.५ किंवा ४५ची.

खास चेहऱ्यासाठी लेन्स बनवायची कल्पना मात्र अंतरातून नव्हे, प्रकाशाच्या टंचाईतून आली. सुरुवातीच्या डॅगेरोटाइप फोटोंसाठी माणसाला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. १८४०मध्ये व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल याने कागदावर आकडेमोड करून एक लेन्स रचली आणि फोख्टलेंडर कंपनीने ती घडवली. तिचं अ‍ॅपर्चर सुमारे एफ ३.६ होतं, तेव्हाच्या प्रचलित लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त प्रकाश आत घेई. चौकटीचा मध्य लख्ख आणि कडा मऊ, हा तिचा दोष होता. पण चेहरा मध्येच असल्याने तो खपून गेला, पुढे आवडूही लागला.

आजही लोक पैसे मोजतात ते मऊपणासाठीच, फक्त आता तो चेहऱ्यामागच्या धूसरतेचा असतो, आणि त्याचंही एक सुटसुटीत माप आहे. लेन्सचं नाभीय अंतर (ते ८५ किंवा ५० मिलिमीटर) भागिले एफ-आकडा म्हणजे प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. ८५ मिलिमीटर, एफ १.८ असेल तर तो येतो ४७ मिलिमीटर. फोकस चेहऱ्यावर असताना खूप मागे तेवणारी पणती फोटोत चकती होऊन उमटते आणि चेहऱ्याच्या मापात ती चकती जवळपास या व्यासाएवढीच असते. म्हणजे गालाशेजारी एक पेढा ठेवावा, तेवढी. ५० मिलिमीटर, एफ १.८च्या लेन्सने तीच चकती दहा रुपयांच्या नाण्याएवढी होते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात हा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर, म्हणजे साबुदाणा! म्हणून मोबाइल मागची धूसरता आकडेमोडीने रंगवतो आणि मोकळ्या सुटलेल्या केसांपाशी हमखास पकडला जातो. कॅमेऱ्यातल्या चकत्याही चौकटीच्या कडेला लिंबाच्या फोडीसारख्या चपट्या होतात, कारण तिरक्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सच्या नळीची कड आडवी येते.

धूसरतेची किंमतही मोजावी लागते. दोन मीटरवर ८५ मिलिमीटर, एफ १.८ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट राहतो. डोळे त्यात बसतात, कान सुटतो; मान वळली तर पलीकडचा डोळाही निसटू शकतो. इथे मिररलेस कामाला येतो. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असे आणि डोळा लावून पाहताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असे. त्याच्या जुळणीत केसभर फरक पडला तरी पापणीऐवजी कानातलं स्पष्ट येई. मिररलेसमध्ये तो आरसा गेला आणि जो सेन्सर फोटो टिपतो, तोच फोकसही मोजू लागला, डोळा ओळखून त्याचा माग काढू लागला. आरशाची जागाही मोकळी झाली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर होती, झेड माउंटमध्ये ती १६ मिलिमीटरवर आली. मधल्या जागेत अ‍ॅडॅप्टर बसवला की कपाटातली जुनी लेन्स पुन्हा कामाला लागते. मात्र तिच्यात स्वतःची मोटर नसेल, तर फोकस सहसा हातानेच फिरवावा लागतो.

मग घ्यायची कोणती? दुकानात जाण्याआधी हॉलमधल्या लाद्या मोजा. पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये त्या दोन फुटी असतात. कमरेपर्यंतच्या फोटोसाठी ८५ला साडेतीन लाद्या पुरतात. नखशिखांत माणूस हवा असेल, तर जवळपास आठ लागतात. त्यात फोटो काढणाऱ्याला उभं राहायला जागा हवी आणि ज्याचा फोटो काढायचा तो भिंतीला चिकटूनही चालत नाही. पंधरा फुटी हॉलची लांबी साडेसात लाद्या. म्हणजे ८५ घेऊन तुम्ही गॅलरीतून खाली. अशा हॉलमध्ये नखशिखांत फोटोला ५० मिलिमीटर बरी, तिला पाचेक लाद्या पुरतात. क्रॉप सेन्सरवर ५६ आणि ३५ मिलिमीटरला थोड्याफार फरकाने हाच हिशेब लागू होतो.

कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स घरात असेलच. ती यातल्या जमेल त्या आकड्यांवर फिरवून एक रविवार फोटो काढा. प्रत्येक वेळी पाय आपोआप कितव्या लादीवर थांबतात ते पाहा. लेन्स त्या लादीला विचारून घ्यायची.