ॲक्सोलॉटलचं पाणी कोण स्वच्छ करतं?

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा कालव्यांचा प्रदेश आहे. मानेभोवती पिसांसारखे कल्ले मिरवणारा, आयुष्यभर डिंभकाच्याच रूपात राहणारा ॲक्सोलॉटल हा उभयचर प्राणी नैसर्गिक अवस्थेत आज फक्त तिथेच उरला आहे. पूर्वी या पाणथळीला झऱ्यांचं थंड, खनिजयुक्त पाणी मिळायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते झरे शहराची तहान भागवायला वळवले गेले आणि कालव्यांत प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं जाऊ लागलं. त्यात कार्प आणि तिलापिया हे बाहेरचे मासे आणून सोडले गेले. १९९८च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४पर्यंत हा आकडा ३६च्या आसपास आला. दुसरीकडे जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांतल्या काचेच्या टाक्यांत हा प्राणी भरपूर आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची वंशावळ १८६०च्या दशकात पॅरिसला नेलेल्या मोजक्या प्राण्यांपर्यंत पोचते. म्हणजे ही जात आज मोठ्या प्रमाणात माणसाने भरलेल्या पाण्यावर जगते आहे. म्हणूनच ते पाणी कसं असावं, हा प्रश्न हौसेपुरता सोडून देण्यासारखा नाही.

या पाण्याबद्दलचा सर्वांत घातक समज म्हणजे, ते काचेसारखं नितळ दिसलं की स्वच्छ आहे. ॲक्सोलॉटलची त्वचा उघडी आणि झिरपती असते, कल्ले शरीराबाहेर असतात. पाण्यात जे विरघळलेलं असेल ते थेट रक्ताच्या शेजारी येऊन उभं राहतं. तो स्वतः अमोनिया बाहेर टाकतो, शिवाय विष्ठा आणि न खाल्लेलं गांडूळ कुजून त्यात भर पडते. थोडा अमोनिया पाण्याचा रंग बदलत नाही, की वास देत नाही. कल्ले मात्र जाळतो. तो निकामी करण्याचं काम दोन प्रकारचे जिवाणू करतात. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात. हे नायट्राइटही विषारीच, कारण ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतं. मग नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्याचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत, शक्यतो २०च्या आसपास, असं चाचणी संचाने दाखवलं तरच टाकी निरोगी म्हणायची. डोळ्यांची साक्ष इथे कामाची नाही.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, दगडांवर बुळबुळीत थर करून ते राहतात. नेमका हाच थर आपल्याला घाण वाटतो. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करायची, स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा, दगड घासायचे आणि ताजं पाणी भरायचं, ही मेहनत मनापासून केलेली असते, पण नळाच्या पाण्यातला क्लोरीन पाणी शुद्ध करणारी बरीचशी फौज मारून टाकतो. पुढच्या काही दिवसांत अमोनिया चढतो, प्राणी खाणं सोडतो, कल्ल्यांची पिसं झडतात; मग पाणी ‘खराब झालं’ म्हणून पुन्हा सगळं धुतलं जातं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता पिळून. नव्या टाकीत ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते आठ आठवडे जातात, आणि पाणी थंड असेल तर आणखीही. तेवढा काळ प्राणी न ठेवता अमोनियाचा मोजका डोस देत राहावं. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर तो विरजणासारखं काम करतो आणि हा काळ बराच कमी होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अनेक प्रयोगशाळांत ॲक्सोलॉटल फिल्टरशिवाय, साध्या डब्यांत वाढवले जातात आणि त्यांचं पाणी वरचेवर पूर्ण बदललं जातं. मग घरी जिवाणूंचा एवढा खटाटोप कशाला? पद्धत चुकीची नाहीच. आजारी किंवा नव्याने आणलेल्या प्राण्यासाठी काही दिवस तीच बरी. पण प्रयोगशाळेत ठरलेल्या क्षारांचं, ठरलेल्या तापमानाचं पाणी तयार असतं आणि ते बदलायला नेमलेली माणसं असतात. घरी एक दिवस चुकला की भरपाई करणारं कोणी नसतं. प्रौढ प्राणी २५-३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याची घाणही त्याच मापाची. एका प्रौढासाठी शंभर लिटरहून मोठी टाकी, मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं, हाच मार्ग मला टिकाऊ वाटतो. जिवाणू नायट्रेटपर्यंत आणून सोडतात. ते पुढे बाहेर काढायला बादलीच लागते.

मग बादलीत पाणी कोणतं? आपल्याकडे सर्वांत शुद्ध म्हणून आरओचं पाणी हाताशी येतं, आणि इथे तेच नडतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ॲक्सोलॉटलला कठीण पाणी मानवतं; शिवाय अमोनियाचं रूपांतर करताना जिवाणू पाण्यातले बायकार्बोनेट खर्च करतात. ते संपले की सामू, म्हणजे पीएच, घसरतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. पाणी निवळायला टाकलेली तुरटीही बायकार्बोनेटचा तोच साठा खाते. गाळ बसतो, अमोनिया तसाच राहतो. महाराष्ट्रातलं बोअरवेलचं जड पाणी त्या मानाने सोयीचं, मात्र शेताजवळच्या बोअरमध्ये आधीच नायट्रेट असू शकतं, म्हणून तपासून घ्यावं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बराचसा उडतो, पण क्लोरामाइन हे क्लोरीनचं संयुग तसं उडत नाही. त्यासाठी क्लोरीन काढणारं द्रावण वापरणं अधिक खात्रीचं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: इतकं सगळं सांभाळलं, तरी इथल्या उन्हाळ्याचं काय? या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सियस मानवतं. २४च्या पुढे त्याची तब्येत ढासळू लागते. उष्णता ही पाण्याच्या स्वच्छतेपासून वेगळी काढताच येत नाही. १८ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी अन्न लवकर कुजतं आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. सामू ८ असेल तर १८ अंशांना एकूण अमोनियापैकी तीन-साडेतीन टक्के विषारी रूपात असतो, ३० अंशांना सात टक्क्यांच्या वर. बर्फाच्या बाटल्या आणि पंखा यांनी काही अंश उतरतात, पण पाणी दिवसभर वरखाली होत राहतं, आणि तोही ताणच. नागपूरच्या मे महिन्यात तर हा उपाय तोकडाच पडेल. पाणी थंड ठेवणारा चिलर घेणं आणि चालवणं परवडत नसेल, तर ॲक्सोलॉटल घरी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिलर आहे त्यांनीही विजेचा विचार आधी करावा: दीर्घकाळ वीज गेली की पाणी तापतं आणि बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप स्पंज फिल्टरला जोडला, तर निदान तेवढा वेळ ते तग धरतात.