तांबडा समुद्र, तोही दिवाळीत!

आमच्या घरी सहल म्हटली की मे महिना ठरलेला. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, ह्यांना रजा मिळालेली. त्यामुळे कैरोत राहणारी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, एकदा ये, तांबडा समुद्र दाखवते," तेव्हा मी लगेच म्हटलं, "मेमध्ये येते गं." ती हसायलाच लागली. "मेमध्ये इथं वाळवंट तापतं. तू दिवाळीत ये."

दिवाळीत? मग फराळ कोण करणार? पण सासूबाईच म्हणाल्या, "चकल्या यंदा विकत आणू. गुडघे धड आहेत तोवर जाऊन ये."

आम्ही गेलो दहाबला. सिनाईच्या वाळवंटाला टेकलेलं हे छोटं गाव. अरबीत दहाब म्हणजे सोनं. एका बाजूला गवताची काडी नसलेले डोंगर, दुसऱ्या बाजूला निळंशार पाणी. या समुद्राला मोठी नदी मिळत नाही, पाऊसही नावालाच. त्यामुळे गाळ नाही आणि पाणी आरशासारखं स्वच्छ. खारटपणा जास्त, म्हणून अंग सहज तरंगतं.

आता मैत्रिणींनो, जायचं कधी? जून ते ऑगस्ट पाणी छान कोमट, पण बाहेर पारा ३५ ते ४० अंशांवर. डिसेंबर ते फेब्रुवारी दिवसा हवा सुखद, मात्र पाणी २१-२२ अंशांवर उतरतं आणि रात्री शाल लागते. मार्च ते मे दरम्यान अधूनमधून 'खमसीन' हा वाळूचा वारा सुटतो. ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य सगळ्यात उत्तम. चूल विझली तरी पातेलं गरम राहतं ना, तसं ऊन उतरलं तरी समुद्र २५ ते २७ अंशांवर टिकून असतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दुकानांच्या वेळा बदलतात, म्हणून आधी कॅलेंडर बघावं.

पाठीवर सिलिंडर बांधून नवशिक्यांनाही प्रशिक्षकासोबत बारा मीटरपर्यंत खाली जाता येतं. त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. दमा आहे का, हृदयाचा, कानाचा त्रास, चालू गोळ्या? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. क्षणभर वाटलं, लिहूच नये. इतक्या लांब आलोय, कोण बघतंय? पण जवळच 'ब्लू होल' आहे, सुमारे शंभर मीटर खोल. तिथं जीव गमावलेल्यांच्या नावाच्या पाट्या कड्यावर लावल्यात. त्या आदल्याच दिवशी पाहिल्या होत्या. खरं ते लिहिलं. डॉक्टरांच्या पत्राशिवाय सिलिंडर मिळणार नाही, असं कळलं. निघण्यापूर्वीच तपासणी करून पत्र घेतलं असतं तर? तुम्ही ती चूक करू नका.

वाईट वाटलं, पण मग लाइफ जॅकेट घातलं, चष्मा-नळी लावली आणि तरंगत राहिले. मला पोहता येत नाही, तरी काठापासून चार हातांवर प्रवाळाची बाग! पोपटी, निळे मासे कुटुकुटु प्रवाळ कुरतडत होते. प्रवाळ जिवंत असतो, त्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही. बहीण खाली जाऊन आली. त्यानंतर विमान प्रवासाआधी किमान १८ ते २४ तास थांबावं लागतं, म्हणून शेवटचा दिवस आम्ही मोकळाच ठेवला होता.

परतले तेव्हा घर जागेवरच होतं. चकल्या विकतच्या होत्या, त्याही संपलेल्या! आता पत्र आधीच घेऊन पुढच्या दिवाळीत पुन्हा जायचं म्हणतेय. सासूबाई म्हणाल्या, "मलाही तो चष्मा लावून बघता येईल का गं?"